चकमकीची बंदूक आणि तिची घरगुती हत्यारे

मराठीत 'हत्यार' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. शिपायाची तलवार हे हत्यार आणि सुताराचा रंधा हेही हत्यारच. खंडेनवमीला आपण दोहोंची पूजा करतो. जुन्या घराण्यात तलवार-कट्यारीला फूल वाहतात, तर ठाण्याच्या वागळे इस्टेटीत आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत त्याच दिवशी लेथला, कानशीला आणि पान्याला झेंडूची माळ पडते. आज आपल्याला ज्या विषयाचा विचार करावयाचा आहे, त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. बंदूक हे एक हत्यार. पण ते नीट राहावे म्हणून लागणारी जी बारीकसारीक हत्यारे, ती कशी असतात, का लागतात आणि साध्या घरगुती सामानातून कशी करता येतात, हे आपण पाहू.

प्रथमच एक शंका येईल की, या गोष्टीचे आज प्रयोजन काय? चकमकीच्या बंदुकीने लढाया होण्याचे दिवस गेले, हे खरे. परंतु त्या बंदुका गेलेल्या नाहीत. मुंबई-पुण्याच्या संग्रहालयांत त्या आहेत आणि काही जुन्या वाड्यांतून भिंतीवर टांगलेल्या आहेत. आजही भारतात जुन्या नमुन्याबरहुकूम अशा बंदुका तयार होऊन इतिहासातील प्रसंग उभे करणाऱ्या परदेशी मंडळांकडे जातात. मूळच्या बंदुकांचे शत्रू मात्र आता दोनच उरले आहेत. एक आपली खाडीची दमट हवा आणि दुसरा अजाण माणसाचा उत्साही हात. पैकी दुसरा शत्रू अधिक वाईट, असे आमचे मत आहे. गंजाला एखादी वस्तू खाण्यास वर्षे लागतात. काचकागद घेऊन बसलेल्या माणसाला एक दुपार पुरते.

बंदूक आपल्या गावात

ठाणे आणि कल्याण या गावांना बंदुकीची ओळख कोणी करून देण्याची गरज नाही. १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी साष्टीत उतरून ठाणे घेतले, तेव्हा पोर्तुगिजांचा तेथील किल्ला पुरता बांधूनही झाला नव्हता. दोन वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, वसई पडली. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. आज ज्या तटांच्या आत मध्यवर्ती कारागृह आहे, तोच हा किल्ला. १७८० साली कल्याणही त्यांच्या हाती गेले. ते परत घेण्यासाठी मराठी फौजा चालून आल्या आणि कल्याणच्या परिसरात लढाई झाली. शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली.

या साऱ्या धामधुमीत दोन जातींच्या बंदुका समोरासमोर होत्या. आपल्याकडील बहुतेक बंदुका तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार उडविणाऱ्या. कंपनीच्या पायदळाच्या खांद्यावर चकमकीची बंदूक. तोड्याची बंदूक मुळीच टाकाऊ नव्हती. तिची नळी पुष्कळदा लांब असे आणि नेमही चांगला लागे. पण वात सदैव पेटती ठेवावी लागे, पावसात ती विझे, रात्री तिचा निखारा शत्रूला दिसे, आणि दाटीने उभ्या राहिलेल्या रांगेत शेजाऱ्याच्या दारूला ठिणगी लागण्याचे भय असे. चकमकीने या अडचणी बऱ्याच दूर केल्या. महादजी शिंद्यांनी १७८४ नंतर द बॉइन्यच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या आणि आग्र्याच्या कारखान्यात बंदुका होऊ लागल्या, त्याचे एक कारण हेच होते.

ही बंदूक चालते कशी

हत्यारांकडे वळण्यापूर्वी यंत्र समजून घेतले पाहिजे. कारण रोग कळल्याशिवाय औषध कळत नाही.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासतात. नळीच्या बुडाशी, बाजूला, एक बारीक भोक असते. त्याला बंदुकीचा कान म्हणतात. कानाबाहेर एक लहानशी वाटी असते. तिच्यात चिमूटभर बारीक दारू घालतात, ती रंजक. वाटीवर पोलादाचे झाकण असते आणि त्याचा एक भाग आरशासारखा उभा असतो. समोर घोड्याच्या जबड्यात गारेचा धारदार तुकडा घट्ट धरलेला असतो. चाप ओढला की आतली कमान सुटते, घोडा झेपावतो, गार त्या उभ्या पोलादावर खरडत जाते आणि त्याच धक्क्याने झाकण उघडते. पोलादाचे सूक्ष्म कण तासले जाऊन तापतात आणि पेट घेतात. ठिणग्या म्हणतात त्या याच. ठिणगी गारेची नव्हे, पोलादाची असते. गार केवळ खरवडण्याचे काम करते. ठिणग्यांनी रंजक पेटते, तिची ज्योत कानातून आत शिरते आणि बार उडतो.

या साखळीतील एक कडी जरी ढिली असली, तरी सारे फुकट. गारेची धार बोथट असेल, तर ठिणगी नाही. वाटी ओलसर असेल, तर रंजक पेटत नाही. कान बुजला असेल, तर रंजक नुसतीच भुर्रकन जळते आणि बंदूक मुकीच राहते. आपण एखाद्याच्या वल्गनेला 'फुसका बार' म्हणतो, तो शब्दप्रयोग अशाच अनुभवातून आलेला असावा.

आता मुख्य उपद्रव पाहू. काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची असते. ती जळल्यावर तिचा सगळाच भाग वायू होऊन जात नाही. वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन राख आणि काजळी होऊन मागे राहतो. या काजळीत पोटॅशचे क्षार असतात व ते हवेतील पाणी शोषून घेतात. कोकणच्या हवेत मिठाच्या बरणीचे पावसाळ्यात काय होते, ते घरोघरच्या गृहिणींना ठाऊक आहे. तेच बंदुकीच्या नळीत होते. बार काढून रात्रभर ठेवलेली बंदूक सकाळी लाल दिसू लागते. म्हणूनच इंग्रज शिपायाच्या पट्ट्याला साखळीने अडकविलेली एक बारीक तार आणि एक छोटा कुंचला असे. ती आपल्या यादीतली पहिली दोन हत्यारे होत.

आधी एक कसोटी

पण हात लावण्यापूर्वी एक गोष्ट. जुनी बंदूक रिकामीच असेल, असे कधीही धरून चालू नये. 'आजोबांच्या वेळेपासून भिंतीवर आहे' हा पुरावा नव्हे. आजोबांच्या वेळेपासून ती भरलेलीही असू शकते. काळी दारू कोरडी राहिली, तर शंभर वर्षांनीही तिची ताकद जात नाही. जगभरच्या संग्रहालयांत आणि घरांत जुन्या बंदुका भरलेल्या सापडल्या आहेत.

कसोटी सोपी आहे आणि तिला लागणारे हत्यार म्हणजे एक सरळ लाकडी काठी. बंदुकीचे तोंड कोणाही माणसाकडे नाही, आपल्या स्वतःकडेही नाही, अशी ती आडवी ठेवावी. बाजूला उभे राहून काठी अलगद आत सारावी, टेकेल तेथे थांबावे आणि तोंडाशी काठीवर खूण करावी. मग काठी बाहेर काढून, खूण तोंडाशी धरून, नळीच्या बाहेरून लावून पाहावी. काठीचे टोक कानाच्या जागेपर्यंत पोहोचले, तर नळी रिकामी असण्याचा संभव आहे. ते दोन-तीन बोटे अलीकडेच थांबले, तर आत काहीतरी आहे, आणि ते दारू-गोळीच आहे असे समजावे. अशा वेळी पुढचे काम आपले नव्हे. ठोकू नये, ड्रिल लावू नये, नळी तापवू नये, कानात तार घालू नये. बंदूक तशीच ठेवून पोलिसांना कळवावे आणि परवानाधारक कारागिराकडून ती रिकामी करून घ्यावी.

पहिले हत्यार: कानाची तार

बंदुकीचा कान साधारण दीड ते दोन मिलिमीटर रुंद असतो. तो साफ करण्यास पुष्कळजण दाभण किंवा पोलादी सुई घेतात. ते चूक आहे. पोलाद कानाच्या लोखंडाला घासते आणि कान हळूहळू मोठा होतो. मग त्यातून अधिक ज्योत आणि वायू बाहेर फेकला जातो. शिवाय पोलादाने ठिणगी पडण्याचे भय आहेच. तार तांब्याची किंवा पितळेची असावी, म्हणजे झिजायचे ते हत्यार झिजेल, बंदूक नाही.

घरातील विजेच्या कामात दीड चौरस मिलिमीटरची एकेरी तांब्याची तार वापरतात. तिची जाडी साधारण १.४ मिलिमीटर भरते. वीतभर तुकडा घ्यावा, वरचे आवरण सोलावे, एक टोक वाइसमध्ये व दुसरे पकडीत धरून जोराने ताणावे. ताणल्याने तार सरळही होते आणि कडकही. मग एका टोकाला बोट जाईल एवढा फासा करावा आणि दुसरे टोक सहाणेवर पाणी घालून निमुळते घासावे. टोक सुईसारखे अणकुचीदार नको; गोलसर असावे. फाशात एक रंगीत दोरा ओवावा, म्हणजे तार हरवत नाही आणि कानातच विसरली जात नाही.

दुसरे: वाटीचा कुंचला

हा कुंचला नारळाच्या काथ्याचा उत्तम होतो. सोडण रात्रभर पाण्यात भिजवून, दगडावर ठेचून, तंतू मोकळे करावे आणि वाळवावे. बोटभर लांबीची जुडी करून मध्ये दुमडावी, दुमड बारीक बांबूच्या नळीत बसवावी आणि बाहेरून तांब्याच्या तारेने आवळावी. पुढचे केस दोन सेंटिमीटरवर कात्रीने सारखे कापावे. जुना दाताचा ब्रशही चालतो. पण काथ्या ताठ असल्याने वाळलेली काजळी खरडण्यास तो सरस. लोखंडी तारेचा ब्रश मात्र वाटीजवळ आणू नये.

तिसरे: गारेची धार काढण्याची ठोकणी

गार दहा-वीस बारांत बोथट होते. ती फेकून द्यावी लागत नाही. तिच्या काठाचा बारीक टवका उडविला की नवी धार येते. यासाठी बोटाएवढ्या जाडीची, वीतभर लांब पितळी सळई पुरते. पितळ अशासाठी की, ते चुकून घोड्याला किंवा पोलादी झाकणाला लागले, तर ओरखडा पडत नाही.

येथे गारेविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. खरी बंदुकीची गार खडूच्या थरांत सापडते. इंग्लंडातील ब्रँडन हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध होते आणि तेथील गार फोडणारे कारागीर विसाव्या शतकातही काम करीत होते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या खडकात ती मिळत नाही. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक सापडतात. अकीकाने ठिणगी पडते, पण त्याचा टवका गारेइतका बिनचूक निघत नाही. कोणत्याही दगडाला ठोकताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि धूळ नाकात जाता कामा नये. खंबायतच्या अकीक-कारागिरांची फुप्फुसे याच धुळीने निकामी झाल्याचा दाखला आपल्यासमोर आहे.

घोड्याच्या जबड्यात गार नुसती धरत नाहीत. चामड्याच्या किंवा शिशाच्या पट्टीत गुंडाळून धरतात. जुन्या चपलेचे पातळ चामडे याला उत्तम. चामडे धक्का सोसते आणि गार सरकू देत नाही.

चौथे: पेचकस

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत उपेक्षित हत्यार हेच. जुन्या बंदुकीचे स्क्रू हाताने कापलेले असतात. त्यांच्या खाचा अरुंद आणि सरळ भिंतींच्या असतात. बाजारातला साधा पेचकस पाचरीसारखा निमुळता असतो. तो खाचेच्या बुडाला टेकतच नाही, वरच्या कडांवरच अडतो. जोर केला की वर चढतो आणि कडा खाऊन टाकतो. जुन्या बंदुकीचे कुरतडलेले स्क्रू दिसले की समजावे, येथे एक घाईचा हात येऊन गेला.

तेव्हा प्रत्येक खाचेसाठी पाते बेतून घ्यावे. यासाठी जुनी झिजलेली कानस चांगली, कारण तिचे पोलाद उच्च प्रतीचे असते. मात्र ते तसेच कामाचे नाही. ते काचेसारखे ठिसूळ असते. कानस कोळशाच्या भट्टीत लाल करून राखेत पुरावी आणि रात्रभर सावकाश निवू द्यावी. ती मऊ होते. मग दुसऱ्या कानशीने पाते घडवावे. रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकी, जाडी खाचेइतकी, आणि दोन्ही बाजू एकमेकींना समांतर. नंतर टोक पुन्हा लाल करावे. लोहचुंबक ज्या उष्णतेला चिकटेनासे होते, ती खूण धरावी आणि लगेच तेलात बुडवावे. याला आपले लोहार 'पाणी देणे' म्हणतात. आता पाते पुन्हा ठिसूळ झाले. ते घासून उजळ करावे आणि मागच्या बाजूने हळूहळू तापवावे. उजळ पोलादावर प्रथम गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा आणि निळा रंग चढत जातो. पिवळ्यावर थांबलो, तर पाते खाचेत तुटते. निळा रंग सुमारे ३०० अंश सेल्सिअसला येतो, तेथे थांबावे. असे पाते वाकणार नाही आणि मोडणारही नाही.

स्क्रू काढताना आणखी एक युक्ती. जाड पुठ्ठ्यावर कळेची आकृती काढावी, प्रत्येक स्क्रूच्या जागी भोक पाडावे आणि निघालेला स्क्रू त्याच भोकात खोचावा. हे स्क्रू एकमेकांच्या जागी बसत नाहीत. अदलाबदल झाली की आटे गेलेच.

पाचवे: कमान दाबण्याचा शिकंजा

कळेतील मोठी कमान इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी दुमडलेली असते. ती पकडीने ओढून काढण्याचा मोह टाळावा. एकतर ती उडून डोळा फुटेल, किंवा ती तुटेल, आणि तशी कमान पुन्हा घडविणारा माणूस शोधण्यात वर्ष जाईल. पाच मिलिमीटर जाड, इंचभर रुंद लोखंडी पट्टी 'यू' आकारात वाकवावी. एका बाजूला भोक पाडून आटे काढावेत आणि सहा मिलिमीटरचा बोल्ट बसवावा. बोल्टच्या टोकाखाली पितळेची चपटी चकती ठेवावी. घोडा पूर्ण चढवून, शिकंजा कमानीवर ठेवून, बोल्ट हाताने टेकेपर्यंतच आवळावा. मग घोडा हळूच खाली सोडला की कमान शिकंज्यातच दबलेली राहते आणि सुटी होते. ती आणखी दाबू नये. गरजेपेक्षा अधिक दाबणे म्हणजे तोडणे.

सहावे: गजाची टोके

नळी पुसण्यास गज लागतो. कंपनीच्या बंदुकीची नळी ३९ इंच लांब असे; तेव्हा गज चार फुटांहून कमी नको. भरीव वेळू किंवा सरळ रेषांचे लाकूड घ्यावे. रेषा तिरप्या असलेली काठी जोर करताना मोडते आणि तिचे टोक तळहातातून आरपार जाते. गजाच्या टोकाला खाच पाडून त्यात सुती कापडाची चिंधी अडकवावी. चिंधी आतच राहिली, तर ती काढण्यास मळसूत्री आकडा हवा. सायकलचा स्पोक दोन मिलिमीटर जाड असतो. तो तापवून मऊ करावा, खिळ्याभोवती दोन वेढे द्यावेत, टोके घासून तीक्ष्ण करावीत आणि पितळी नळीच्या तुकड्याने गजाला पक्की बसवावीत. गज उजवीकडे फिरविला की वेढे चिंधीत शिरले पाहिजेत, एवढी दिशा सांभाळावी.

धुणे, पुसणे आणि न घासणे

बार काढलेली बंदूक तेलाने साफ होत नाही. क्षार पाण्यातच विरघळतात. म्हणून आधी कोमट पाण्याने भिजविलेल्या चिंध्या, मग कोरड्या चिंध्या, आणि शेवटी तेल. तेल खनिज असावे, शिवणयंत्राचे चालते. खोबरेल किंवा गोडे तेल लावू नये. खोबरेल थंडीत थिजते आणि इतर खाद्यतेले काही महिन्यांत चिकट होऊन कळेचे सांधे आखडवितात.

भिंतीवरच्या जुन्या बंदुकीला मात्र पाण्याचेही कारण नाही. मऊ कापड, किंचित तेल आणि वरून मेणाचा पातळ हात, एवढेच. चिंच, लिंबू, राख, काचकागद यांना तिच्याजवळ जागा नाही. नळीवरची कारागिराची मुद्रा, कोरलेली अक्षरे, चांदीची बारीक तार हे सारे अर्ध्या केसाच्या जाडीत असते. ते एकदा घासले गेले की ती बंदूक कोणाची, कुठली आणि केव्हाची, हे सांगणारा साक्षीदारच गेला. खंडेनवमीला ओले हळदकुंकू थेट लोखंडावर लावण्याऐवजी खाली ठेवलेल्या पाटाला किंवा वस्त्राला लावावे. पूजेत त्याने उणेपणा येत नाही आणि गंजाचे डाग टळतात.

कायदा

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे. पण ती दुरुस्ती करूनही बार काढण्यास निरुपयोगी अशाच शस्त्रांना. म्हणजे 'सध्या चालत नाही' एवढे म्हणून भागत नाही. आपल्या घरातील बंदूक कोणत्या वर्गात मोडते, हे स्वतः ठरवू नये. ठाणे, कल्याण, डोंबिवली हा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयाखाली येतो. तेथे विचारून लेखी उत्तर घ्यावे. वर सांगितलेली हत्यारे जतनासाठी आहेत. घरच्या जुन्या बंदुकीतून बार काढण्याच्या फंदात कोणी पडू नये. दीड-दोनशे वर्षांच्या नळीच्या आतून गंजाने किती खाल्ले आहे, ते बाहेरून दिसत नाही.

अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले, त्यातून पुढे टोपीची बंदूक आली आणि १८४० च्या सुमारास इंग्रजी फौजेतून चकमक निघून गेली. तोवर दोनशे वर्षे तिने जगभर राज्य केले, ते तांब्याची एक तार, एक कुंचला आणि एक चांगला पेचकस यांच्या जोरावर. ही सारी हत्यारे मिळून एका जुन्या डब्यात मावतात आणि त्यांना लागणारे बहुतेक सामान आपल्या घरातच असते. आधी काठीची कसोटी, मग बेताचे हत्यार आणि शेवटी हलका हात, हा क्रम ज्याने पाळला, त्याच्या हातून एक जुनी वस्तू पुढच्या पिढीकडे धड जाईल, आणि जो ती जपतो आहे तोही धड राहील.